अभिनेते अमोल पालेकर ते दिग्दर्शक अमोल पालेकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमोल पालेकर यांची वाटचाल थोडक्यात कशी सांगता येईल?

पालेकर यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1944 रोजी मुंबईत झाला. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, पुढे बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि त्याच काळात नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्यामुळे ते प्रायोगिक रंगभूमीकडे वळले. ‘रजनीगंधा’ (1974) या चित्रपटाने त्यांना हिंदीत ओळख मिळवून दिली आणि त्यानंतरची सात-आठ वर्षे ते मध्यमवर्गीय प्रेक्षकांचे अत्यंत लाडके नायक होते. 1981 मध्ये ‘आक्रीत’ या मराठी चित्रपटाने त्यांनी चित्रपट-दिग्दर्शनाला प्रारंभ केला. पुढच्या तीन दशकांत मराठी आणि हिंदी चित्रपट, दूरदर्शनच्या मालिका आणि इंग्रजीतला एक चित्रपट असे बरेच काम त्यांनी कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून केले.

शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट, गरजेपोटी निर्माता आणि स्वतःच्या निवडीने दिग्दर्शक, अशा आशयाची ओळख ते स्वतःच करून देत आले आहेत. पुढची उत्तरे वाचताना त्यातले शेवटचे विशेषण विशेष लक्षात ठेवावे.

‘आधी नट, मग दिग्दर्शक’ हा क्रम खरा आहे का?

चित्रपटांपुरता खरा, एकूण कारकिर्दीच्या दृष्टीने मात्र अपुरा. त्यांची स्वतःची ‘अनिकेत’ ही नाट्यसंस्था 1972 मध्ये, म्हणजे ‘रजनीगंधा’ पडद्यावर येण्याच्या दोन वर्षे आधी, सुरू झाली होती. बादल सरकार, महेश एलकुंचवार, चिं. त्र्यं. खानोलकर, अच्युत वझे अशा लेखकांची नाटके त्यांनी सत्तरच्या दशकात रंगमंचावर आणली. तत्पूर्वी दुबे यांच्या हाताखाली ते नट म्हणून तयार होत होते. गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’च्या दुबेकृत हिंदी प्रयोगात अमरीश पुरी यांच्यासोबत त्यांनी काम केले होते आणि विजय तेंडुलकरांच्या नाटकावर दुबे यांनी केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1971) या चित्रपटातही ते होते.

म्हणूनच एखाद्या यशस्वी नायकाने हौसेने किंवा उतरत्या काळात दिग्दर्शनाची वाट धरली, असे त्यांच्याबाबतीत म्हणता येत नाही. ते नाट्यदिग्दर्शक होतेच, आणि मधल्या काळात लोकप्रिय नायक झाले. हा क्रम नीट ध्यानात घेतला की ‘गोलमाल’मधल्या त्या सालस तरुणाने ‘आक्रीत’सारखा अंगावर येणारा चित्रपट कसा केला, हा अनेकांना पडणारा प्रश्न बराचसा सुटतो.

नायक म्हणून त्यांची प्रतिमा नेमकी कोणती होती?

‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ हे तिन्ही चित्रपट बासू चटर्जी यांचे होते आणि तिन्ही चालले. बसच्या रांगेत उभा राहणारा, कचेरीत नोकरी करणारा, मनातले बोलायला बिचकणारा तरुण त्यांनी इतका खरा उभा केला की हाणामारीच्या चित्रपटांचा जोर असतानाही प्रेक्षकांनी त्याला आपलेसे केले. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’ (1979) मध्ये एकाच माणसाने मिशी लावून रामप्रसाद आणि मिशी काढून लक्ष्मणप्रसाद व्हायचे, अशी दुहेरी कामगिरी त्यांच्यावर होती. उत्पल दत्त यांच्यासमोर खाली मान घालून शुद्ध हिंदी बोलणारा रामप्रसाद आणि तोच माणूस बेफिकीर लक्ष्मणप्रसाद होऊन आला की बदललेली चाल, हात आणि आवाजाची पट्टी यांकडे कोणत्याही नटाने लक्ष देऊन पाहावे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

परंतु ही प्रतिमा सर्वस्वी खरी नव्हती, हे त्या वेळीही दिसत होते. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’ (1977) मधला त्यांचा नायक घर मिळवण्याच्या धडपडीत इतका खाली उतरतो की आजारी, धनवान मालकाशी लग्न करण्याचे तो आपल्या प्रेयसीला सुचवतो; मालक फार दिवस जगणार नाही, हा त्यामागचा हिशेब. त्याच वर्षीच्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये त्यांनी पत्नीच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावर सतत संशय घेणारा केशव दळवी साकारला. साध्या चेहऱ्याचा माणूस केवढा स्वार्थी असू शकतो, याचा शोध नट पालेकरांनी या दोन भूमिकांतून घेतला. दिग्दर्शक पालेकरांनी तो पुढे नेला, असे मला ठामपणे वाटते.

त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट कोणता आणि तो कशावर आधारित होता?

‘आक्रीत’ (1981). परभणी जिल्ह्यातील मानवत येथे सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी झालेल्या हत्यासत्राने महाराष्ट्र हादरला होता. गुप्तधनाचा लोभ, अपत्यप्राप्तीची आस आणि अंधश्रद्धा यांपोटी स्त्रिया आणि लहान मुलींचे बळी घेतले गेले. त्या प्रकरणाच्या आधारे तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि पालेकर व चित्रा पालेकर यांनी प्रमुख भूमिका केल्या.

लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नटाने पहिल्याच चित्रपटासाठी असा विषय निवडावा आणि त्यात स्वतः गावावर दरारा असलेल्या क्रूर माणसाची भूमिका करावी, ही साधी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी ‘नरम गरम’मध्ये ते प्रेक्षकांना हसवत होते. ज्या प्रतिमेने नाव आणि पैसा दिला, ती पहिल्या चित्रपटातच बाजूला ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. या निर्णयाची जेवढी चर्चा मराठीत व्हायला हवी होती, तेवढी झालेली नाही.

‘अनकही’ हा चित्रपट महत्त्वाचा का मानला जातो?

बहुतेक जण त्याचे नाव संगीतासाठी घेतात आणि ते योग्यच आहे. जयदेव यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा, तर पंडित भीमसेन जोशी यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘रघुवर तुमको मेरी लाज’ हे पंडितजींनी गायलेले भजन आणि ‘कौनो ठगवा नगरिया लूटल हो’ हे आशा भोसले यांनी गायलेले कबीराचे पद आजही आवर्जून ऐकले जाते.

मात्र कथेकडेही तितक्याच बारकाईने पाहायला हवे. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात ज्योतिषी वडील मुलाचे भविष्य सांगतात की, त्याची पहिली पत्नी बाळंतपणात दगावेल. वडिलांचे भाकीत आजवर कधी खोटे ठरलेले नाही. मुलाचे एका मुलीवर प्रेम आहे. तिला वाचवण्यासाठी तो आधी दुसऱ्याच एका निष्पाप मुलीशी लग्न करायचे ठरवतो, म्हणजे मरण तिच्या वाट्याला जाईल. वडिलांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची आणि मुलाची स्वतः पालेकर यांची आहे.

आता ‘घरौंदा’ आठवावा. तिथेही लागू आणि पालेकर समोरासमोर आहेत, आणि तिथेही कुणाच्या तरी मृत्यूची वाट पाहत केलेल्या लग्नाचा बेत आहे. ‘घरौंदा’त स्त्रीला पुढे करून पुरुषाच्या मरणावर डाव लावला जातो, ‘अनकही’त थेट स्त्रीच्याच जिवावर. नट म्हणून एकदा केलेली भूमिका दिग्दर्शकाच्या मनात किती खोल राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. ‘अनकही’तला हा तरुण दुष्ट नाही; सुशिक्षित, प्रेमळ आणि वरकरणी सभ्य आहे. ‘छोटी सी बात’मधला नायक अरुणच जणू एका भीषण प्रसंगात सापडला आहे. प्रेक्षकांचा ज्या चेहऱ्यावर विश्वास आहे, तोच चेहरा या कामासाठी वापरायचा, हा दिग्दर्शकाचा विचार आहे आणि तो अचूक आहे.

दिग्दर्शक झाल्यावर ते स्वतःच्या चित्रपटांत काम करत राहिले का?

‘आक्रीत’ आणि ‘अनकही’मध्ये त्यांनी मुख्य भूमिका केल्या. त्यानंतर मात्र त्यांनी आपल्या बहुतेक चित्रपटांत इतर नटांना उभे केले. ‘समांतर’ (2009) हा मोठा अपवाद असून त्यात ते शर्मिला टागोर यांच्यासोबत दिसले.

दूरदर्शनसाठी त्यांनी काय केले?

‘कच्ची धूप’ (1987) ही मालिका सर्वांत जास्त लक्षात राहिली. लुइसा मे अल्कॉट यांच्या गाजलेल्या कादंबरीवर ती बेतलेली होती. भाग्यश्री आणि आशुतोष गोवारीकर हे पुढे प्रसिद्ध झालेले चेहरे तिच्यात होते. ‘नकाब’ आणि ‘मृगनयनी’ या त्यांच्या आणखी दोन मालिका. आठवड्याला एक भाग, मोजकी पात्रे आणि कथा संपली की मालिकाही संपली, ही त्या काळाची शिस्त साहित्यकृतींवर काम करणाऱ्या दिग्दर्शकाला सोयीची होती.

‘थोडासा रूमानी हो जायें’ इतर चित्रपटांपेक्षा वेगळा कसा?

1990 चा हा चित्रपट एन. रिचर्ड नॅश यांच्या नाटकावरून केलेला आहे. पाऊस हरवलेले गाव, आपण दिसायला साध्या आहोत या न्यूनगंडाने मिटून गेलेली बिन्नी आणि पाऊस पाडून देतो म्हणत गावात शिरलेला बारिशकर, एवढ्यावर तो उभा आहे. अनिता कंवर, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले यांच्या त्यात भूमिका आहेत आणि संगीत भास्कर चंदावरकर यांचे आहे. पात्रे बोलता बोलता लयीत आणि यमकांत शिरतात, पुन्हा साध्या बोलण्यावर येतात. नाटकाचा हा ढंग पडद्यावर सहसा अवघडल्यासारखा वाटतो. इथे तो वाटत नाही, कारण नटांकडून तो बोलण्याइतका सहज करून घेतलेला आहे. नाना पाटेकरांचा आवेग आणि अनिता कंवर यांचे संयमित काम एकाच प्रसंगात तोलून धरणे, हे रंगभूमीवर घडलेल्या दिग्दर्शकाचे कसब आहे.

‘बनगरवाडी’ कादंबरीला चित्रपटाने न्याय दिला का?

माझ्या मते दिला, आणि तो कसा दिला हे पाहण्यासारखे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, हळूहळू वाडीतल्या माणसांच्या सुखदुःखात गुंततो. त्यांच्या हातून तालीम, म्हणजे व्यायामशाळा, उभी राहते, आणि नंतर दुष्काळ पडतो. तिच्यात खलनायक नाही, प्रेमकथा नाही, कथानकाला कलाटणी देणारा मोठा प्रसंग नाही. अशा कादंबरीचा चित्रपट करताना काहीतरी नाट्य घालण्याचा मोह कोणालाही व्हावा.

1995 च्या या चित्रपटात पालेकरांनी तो टाळला. मास्तरांच्या भूमिकेत त्यांनी नाट्यदिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांना घेतले आणि कारभाऱ्याच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे यांना. एकेकाळी मराठी पडद्यावर रुबाबदार वीरपुरुष रंगवणारे मांढरे इथे वाडीचा पिकला कारभारी होऊन येतात, आणि त्यांच्या नुसत्या बसण्यातून वाडीचे वजन जाणवते. शाळेत पोरे पाठवायची की मेंढरांमागे, हा वाडीपुढचा खराखुरा पेच आहे. चित्रपट त्यावर भाषण देत नाही; उजाड माळ, मेंढरांचे कळप आणि रिकामी शाळा पुरेसा वेळ दाखवतो. चित्रकाराची नजर असलेल्या दिग्दर्शकाला मोकळ्या जागेचे मोल ठाऊक असते, ते या चित्रपटात सर्वांत जास्त दिसते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

त्यांच्या चित्रपटांत स्त्रीच्या इच्छेचा विषय पुन्हा पुन्हा का येतो?

कारण तोच त्यांच्या दिग्दर्शनाचा गाभा आहे. ‘दायरा’ (1996) मध्ये बलात्काराला सामोरी गेलेली तरुणी पुरुषवेषात वावरू लागते आणि तिच्यासोबत असतो तो स्त्रीवेषात जगणारा नर्तक. सोनाली कुलकर्णी आणि निर्मल पांडे यांच्या या भूमिका होत्या. पांडे यांना तर फ्रान्समधील व्हॅलेन्सिएन महोत्सवात अभिनेत्रीसाठीचा पुरस्कार देण्यात आला. ‘कैरी’ (2000) मध्ये, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेच्या आधारे, पोरक्या भाचीने शिकावे म्हणून धडपडणारी मावशी आहे. ‘ध्यासपर्व’ (2001) हा र. धों. कर्वे यांच्यावरचा चित्रपट आहे. 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढणारे आणि 1927 पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे कर्वे किशोर कदम यांनी साकारले, तर सीमा बिस्वास त्यांच्या पत्नी मालतीबाई झाल्या. आपल्या कामासाठी प्राध्यापकी गमावणाऱ्या, खटले सोसणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोने काय सोसले, हे चित्रपट नजरेआड करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

‘अनाहत’ (2003) सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावरून आला. राजा संतती देऊ शकत नाही म्हणून राणीने एका रात्रीसाठी परपुरुष निवडावा, असा राज्यकारभाराचा निर्णय होतो. राणीला ती आज्ञा जाचते. परंतु पहाटे परतलेली राणी वेगळी स्त्री असते, कारण स्वतःच्या देहाचे सुख तिला प्रथमच कळलेले असते. सोनाली बेंद्रे आणि अनंत नाग यांच्या या चित्रपटात खरी कसोटी राजाची आहे. ‘थांग’ (2006) मध्ये मृणाल कुलकर्णी यांनी साकारलेल्या पत्नीला नवऱ्याच्या समलिंगी संबंधांचा उलगडा होतो. हा चित्रपट मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत झाला. त्या काळच्या मराठी चित्रपटात हा विषय इतक्या समजुतीने आणि कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता हाताळला गेला, याचे श्रेय पटकथाकार संध्या गोखले यांनाही द्यायला हवे.

‘पहेली’ हा त्यांच्या स्वभावाबाहेरचा, व्यावसायिक चित्रपट होता का?

शाहरूख खान आणि राणी मुखर्जी, झगमगती राजस्थानी वस्त्रे, गाणी, पाहुणे कलाकार म्हणून अमिताभ बच्चन. 2005 च्या या चित्रपटाचा थाट पाहून असा समज होणे स्वाभाविक आहे. विषय मात्र पूर्णपणे पालेकरांचाच आहे. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेत नववधूच्या प्रेमात पडलेले भूत, व्यापारासाठी परदेशी गेलेल्या तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते. पण तिला फसवत नाही. आपण कोण आहोत हे ते तिला सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. जन्मात कोणी काही विचारलेले नाही अशा मुलीला पहिला प्रश्न विचारतो तो भूत!

याच कथेवर मणी कौल यांनी 1973 मध्ये ‘दुविधा’ केला होता. तिथे मूळ कथेप्रमाणे खरा नवरा परत येतो, मेंढपाळ भुताला युक्तीने कोंडतो आणि ती स्त्री पुन्हा निमूट संसारात ढकलली जाते. ‘पहेली’त शेवट बदलला आहे : भूत नवऱ्याच्या शरीरात शिरते आणि तिला हवा असलेला जोडीदार तिला मिळतो. कथेचा करुण शेवट गोड करून घेतला, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु ‘अनकही’पासून ‘अनाहत’पर्यंत ज्यांच्या वतीने इतरांनीच निर्णय घेतले अशा स्त्रिया दाखवत आलेल्या दिग्दर्शकाने, एकदा का होईना, निवड करणाऱ्या स्त्रीला तिची निवड पूर्ण करू दिली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला गेला. अंतिम नामांकन त्याला मिळाले नाही.

त्यांना कोणते राष्ट्रीय पुरस्कार मिळाले?

‘बनगरवाडी’चा उल्लेख वर आलाच आहे. ‘ध्यासपर्व’ला कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि ‘थांग’च्या इंग्रजी आवृत्तीला, म्हणजे ‘क्वेस्ट’ला, सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

बासू चटर्जी, हृषीकेश मुखर्जी, बेनेगल यांची छाप त्यांच्या दिग्दर्शनावर दिसते का?

अपेक्षेपेक्षा कमी. चटर्जी-मुखर्जी यांचा शहरी, प्रसन्न विनोद त्यांनी आपल्या चित्रपटांत जवळजवळ आणला नाही. प्रसंग न ताणणे आणि नटाला हळू आवाजात बोलू देणे, एवढे मात्र त्या शाळेतून आलेले असावे. खरा प्रभाव दुबे आणि तेंडुलकर-खानोलकर-एलकुंचवारांच्या रंगभूमीचा आहे. त्यांच्या चित्रपटांची यादी पाहिली तर खानोलकर, माडगूळकर, जी. ए., देथा, वर्मा अशी लेखकांचीच मांदियाळी दिसते. चांगल्या साहित्यकृतीपासून सुरुवात करायची आणि तिच्यातला अडचणीचा प्रश्न पडद्यावर न्यायचा, ही सवय नाटकवाल्याची आहे.

सेन्सॉरशिपविरुद्ध त्यांनी न्यायालयात दाद का मागितली?

महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या पूर्वपरवानगीला त्यांनी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि पुढच्या वर्षी चित्रपटांच्या सेन्सॉरसंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सेन्सॉरच्या वादात सापडलेल्या एलकुंचवारांच्या ‘वासनाकांड’ या नाटकापासून या प्रश्नाशी त्यांचा संबंध आलेला आहे, त्यामुळे ही भूमिका उतारवयात अचानक सुचलेली नाही. लेखकाचा शब्द रंगमंचावर येण्याआधीच कोणा अधिकाऱ्याने तपासावा, हे त्यांना तेव्हाही मान्य नव्हते.

ते पुन्हा अभिनयाकडे वळले का?

होय. 2019 मध्ये दीर्घ खंडानंतर ते ‘कुसूर’ या नाटकातून रंगमंचावर आले. त्यानंतर ‘200 : हल्ला हो’ (2021) आणि ‘गुलमोहर’ (2023) या हिंदी चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. मधल्या काळात चित्रकलाही सुरूच होती. 2024 मध्ये ‘ऐवज’ या नावाने त्यांच्या आठवणी मराठीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

दिग्दर्शक पालेकर समजून घ्यायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

‘पहेली’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून तिथून मागे जावे. आधी ‘घरौंदा’ आणि लगेच ‘अनकही’ पाहावा. या दोहोंमध्ये शक्यतो दुसरा चित्रपट येऊ देऊ नये. त्यानंतर ‘बनगरवाडी’ सवडीने, घाई नसताना पाहावा आणि ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी ती चित्रपटानंतर वाचावी. ‘दायरा’, ‘अनाहत’ आणि ‘थांग’ हे तीन चित्रपट प्रकाशनाच्या क्रमाने पाहिले तर विषय कसा पुढे सरकतो हे कळते. ‘आक्रीत’ शेवटी ठेवावा. तो पाहणे सोपे नाही, आणि ‘गोलमाल’च्या आठवणी ताज्या असताना तर मुळीच नाही.